धाब्यापासून सदनिकेपर्यंत : खानदेशांतील सामाईक घराची निगा

इ. स. १८१८ सालीं पेशवाईचा शेवट होऊन खानदेश इंग्रजांच्या अमलाखालीं आला, तेव्हां त्या प्रांताची स्थिति मोठी शोचनीय होती. होळकरशाहींतील बंडाळी, १८०३-०४ सालचा भयंकर दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचे हल्ले यांमुळें गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. अशा मुलुखाची घडी बसविण्याचें काम कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांजकडे आलें. त्यांनीं १८१९ मध्यें पांझरा नदीच्या कांठच्या धुळें या गांवीं आपलें ठाणें केलें. तेव्हां गांवांत घरें होतीं ४०१ आणि माणसें होतीं २,५०९. एका अंगास नदी, दुसऱ्या अंगास पाट, आणि भोंवतालीं बागाईत. प्रांताचें मुख्य ठिकाण म्हणून शोभावें असें त्यांत कांहीं नव्हतें. ब्रिग्ज यांनीं व्यापाऱ्यांस आणि इतर लोकांस धुळ्यास येऊन राहण्याचें आमंत्रण दिलें. परंतु नुसतें आमंत्रण देऊन ते थांबले नाहींत. घरांसाठीं जागा त्यांनीं कायमच्या बिनभाड्यानें दिल्या, आणि पक्कीं घरें उभारतां यावीं म्हणून जुन्या रहिवाशांस तसेंच नव्यानें येणारांस सरकारांतून आगाऊ रकमा दिल्या.

ज्या श्रोत्यांनीं धुळें पाहिलें आहे त्यांस नव्या धुळ्याच्या सरळ, एकमेकींस समांतर अशा गल्ल्या आणि नांवांऐवजीं त्यांस पडलेले क्रमांक आठवतील. या आंखीव शहराचा पाया सरकारनें दिलेल्या जागेवर आणि कर्जाऊ पैशावर घातला गेला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानांत नाहीं. राहणारा आणि राज्यकर्ता या दोघांनीं मिळून घर उभें करण्याचा तो व्यवहार होता. मात्र बांधून झालेल्या घराची निगा पुढें कोणी राखावी, हा प्रश्न तेव्हां उपस्थित झाला नाहीं. तो होण्याचें कारणही नव्हतें. कारण घराला मालक एक असे, आणि त्याचें छप्पर बहुधा मातीचें असे.

खानदेशांतील सामान्य घर म्हणजे धाब्याचें घर. भिंतींवर लाकडी तुळया, तुळयांवर आडवें किलचण, त्यावर पालापाचोळ्याचा थर आणि सर्वांत वर चोपून बसविलेली माती. वर्षाला पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक, अशा मुलुखांत हें सपाट छप्पर फार सोयीचें. त्याखालीं उन्हाळ्यांत थंडावा राहतो, वर धान्य, मिरच्या वाळतात आणि रात्रीं माणसें निजतात. परंतु मातीचें छप्पर दर वर्षीं नवी माया मागतें. मृगापूर्वीं गांवाबाहेरून खारी माती आणावयाची, ती धाब्यावर पसरून चोपावयाची, उतार पन्हाळ्यांकडे राहील असा पाहावयाचा, मागील वर्षीं उगवलेल्या गवताचीं मुळें काढावयाचीं. हें काम ज्या घरीं चुकलें त्या घरीं पहिल्याच झडीला ताटें, परातीं गळतीखालीं मांडावीं लागत. तें केव्हां करावें याविषयीं कोणाचा मतभेद नसे. ढग दिसूं लागले कीं सारा गांवच धाब्यावर चढे. शेजाऱ्याचें धाबें आणि आपलें धाबें यांमध्यें पुष्कळदां एकच भिंत असल्यामुळें शेजाऱ्याचा आळसही आपल्याच घरांत ठिबके, आणि म्हणून त्याला हटकण्याचा अधिकार कोणास मुद्दाम द्यावा लागत नसे.

या रीतींत एक दोषही होता. दर वर्षीं जुनी माती न काढतां तिच्यावरच नवी घालीत गेलें म्हणजे थर वाढत जातो. भिजलेल्या मातीचें ओझें तुळयांना सोसवेनासें होतें, आणि वीस-पंचवीस वर्षांनीं एखाद्या मुसळधार रात्रीं तें सबंध छप्पर खालीं येतें. म्हणून जाणता गवंडी माती घालण्यापूर्वीं जुना थर कुदळीनें उकरून किती जाड झाला आहे तें पाही. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. काँक्रीटच्या गच्च्यांवर आज काय चाललें आहे हें पाहतांना ती पुन्हां उपयोगी पडेल.

धाबें ज्याचें त्याचें असे. सामाईक वस्तूची निगा कशी राखावी याचा धडा खानदेशानें गिरविला तो घरांत नव्हे, तर नदीवर. पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर जागोजागीं दगडी बंधारे आहेत, त्यांतून निघालेले पाट आहेत, आणि त्या पाटांखालीं शेंकडों वर्षें चालत आलेली फड पद्धति आहे. बंधाऱ्याखालच्या सबंध जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडीत. त्यांतील प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडांत एका हंगामीं सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, ऊंस तर ऊंस, धान्य तर धान्य. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळें कोणावर विशेष मेहेरबानी होत नसे. पाणी वांटण्याचें काम पाटकऱ्याचें, पिकाची राखण जागल्याची, आणि त्या सर्वांवर देखरेख हवालदाराची. त्यांचें वेतन शेतकरीच देत.

या पद्धतीचें मर्म पाणीवांटपापेक्षां पाटाच्या दुरुस्तींत अधिक दिसतें. दर वर्षीं हंगामापूर्वीं पाटांतील गाळ काढणें, तुटलेल्या कडा बांधणें, झुडपें तोडणें हें काम भिजणाऱ्या जमिनीच्या प्रमाणांत प्रत्येकावर बसे. ज्याची जमीन अधिक त्याचे गडी अधिक. नदीच्या पुरानें खुद्द बंधाऱ्यास मोठें खिंडार पडलें तर मात्र तें गांवाच्या आटोक्याबाहेरचें काम होई, आणि तेथें सरकारास हात घालावा लागे. लहान काम राहणारांचें, मोठें काम राज्याचें; वांटा आधींच ठरलेला आणि हंगामही आधींच ठरलेला. फडाच्या टोंकाला ज्याचें शेत, त्याला पाणी सर्वांत शेवटीं मिळे. परंतु पाटाच्या तोंडाशीं गाळ सांचला तर सर्वांत आधीं त्याचेंच पीक वाळे. म्हणून तोंडाशीं शेत असणाऱ्यानें ‘मला पाणी मिळतें, मग गाळ मी कां काढूं?’ असें म्हणण्याची सोय त्या पद्धतींत ठेवलेली नव्हती. पुढें विहिरी वाढल्या, नदीच्या वरच्या अंगास धरणें झालीं, आणि पुष्कळ फड मोडले. कांहीं ठिकाणीं मात्र ते तग धरून राहिले.

शहरांतील घरांची कथा निराळ्या वाटेनें गेली. धुळ्यास १८६२ सालीं आणि जळगांवास १८६४ सालीं नगरपालिका स्थापन झाली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें त्याच वर्षांत कापसाचे भाव आकाशास भिडले होते. नुकतीच आगगाडी आल्यामुळें जळगांव हें कापसाची मोठी पेठ बनलें, आणि जुन्या गांवाशेजारीं जी नवी पेठ वसली तिला कलेक्टर पोलन यांच्या नांवावरून पोलन पेठ म्हणूं लागले. वखारी आल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापडाची गिरणी आली, वकील आले, कारकून आले. १९०६ सालीं जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाल्यावर जळगांवासही जिल्ह्याचें ठाणें लाभलें. बाहेरून आलेल्या या माणसांनीं स्वतःचीं घरें बांधलीं नाहींत; तीं वाड्यांच्या माड्यांवर आणि नव्या चाळींत भाड्यानें राहिलीं. धाब्यावर माती घालणारा आणि धाब्याखालीं निजणारा हीं येथें प्रथमच दोन निराळीं माणसें झालीं.

हा फरक दिसावयास लहान असला तरी पुढील सर्व अडचणींचें बीज त्यांतच आहे. भाडें चांगलें येत होतें तोंवर मालक छप्पर शाकारीत होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, मुंबई इलाख्यांत भाडेवाढीवर प्रथम निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ते पुन्हां घालावे लागले, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच सामान्यतः प्रमाण भाडें ठरविलें. हा कायदा झाला नसता तर शहरांतील गरीब आणि मध्यम वर्ग रस्त्यावर आला असता, यांत शंका नाहीं. परंतु जो कायदा तात्पुरता म्हणून आला तो अर्धशतकाहून अधिक काळ मुदतवाढीवर जगला. त्या अवधींत चुना, विटा आणि गवंड्याची मजुरी यांचे भाव कोठल्या कोठें गेले, आणि भाडें जागच्या जागीं राहिलें. दुरुस्तीचें कर्तव्य कायद्यानें मालकाकडे ठेवलें आणि दुरुस्तीचा पैसा त्याच्याकडून काढून घेतला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. मालकानें छप्पर गळूं दिलें. भाडेकरूनें ‘घर माझें नव्हे’ म्हणून गळूं दिलें. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोठविलेल्या भाड्याच्या या तरतुदी अवाजवी ठरविल्या, आणि ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें दर वर्षीं चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली. तोंवर पुष्कळशा वाड्यांची दुरुस्ती होण्यासारखी राहिली नव्हती.

मुंबईनें या पेंचांतून एक वाट काढली. तेथें जुन्या चाळी पावसाळ्यांत कोसळूं लागल्या, माणसें मरूं लागलीं, तेव्हां १९६९ सालीं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. बेट-शहरांतील जुन्या भाड्याच्या इमारतींवर एक उपकर बसवावयाचा, आणि त्या पैशांत सरकारनें आपली भर घालून दुरुस्ती मंडळानें करावयाची, अशी ती योजना. आरंभीं तिच्या कक्षेंत १९,६४२ इमारती होत्या. राहणारा, मालक आणि सरकार या तिघांनीं मिळून खर्च सोसावा हें तत्त्व योग्यच होतें. परंतु उपकर सुरू झाला तो घरें जर्जर झाल्यानंतर. पाटांत गाळ पूर्ण भरल्यावर गडी बोलवावे तशांतला हा प्रकार झाला. शिवाय ही सोय मुंबई बेटापुरतीच होती. धुळ्याच्या गल्लींतील किंवा जळगांवच्या जुन्या पेठेंतील वाड्यास असें मंडळ कधींच लाभलें नाहीं. तेथें कायदा मुंबईचा आला. त्यावरचा उतारा आला नाहीं.

या अवधींत मुंबईंतच निराळ्या तऱ्हेचा एक प्रयोग फार पूर्वीं यशस्वी झाला होता. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तलमकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. इमारत संस्थेची, संस्था सभासदांची, आणि सभासद हेच तेथील राहणारे. मालक आणि भाडेकरू हा भेद त्यांनीं एकाच माणसाच्या ठिकाणीं मिटविला. फडावरील शेतकऱ्यास जो व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, तोच येथें लेखी नियमांत बांधलेला आढळतो. आजच्या महाराष्ट्रांतील हजारों गृहनिर्माण संस्था याच बीजाचा विस्तार होत.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आणि १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा असे तीन कायदे एकामागून एक झाले. पहिल्या दोहोंच्या जोडीनें सोसायटी होते. तिच्यांत इमारत आणि जमीन संस्थेच्या नांवें होते. तिसऱ्यानें प्रत्येक सदनिकाधारक आपल्या सदनिकेचा स्वतंत्र मालक होतो, आणि जमीन, जिना, गच्ची, पाण्याची टांकी यांत त्याचा ठराविक टक्केवारीचा अविभक्त हिस्सा राहतो. खानदेशच्या शहरांत दोन्ही प्रकार आढळतात. तेथें बहुमजली वस्ती उशिरां आली. १९८० नंतर जळगांवांत ती झपाट्यानें वाढली. नगरपालिकेनें तर आपल्या कारभारासाठीं सतरा मजली इमारत बांधून आकाशाशींच स्पर्धा केली. धुळें आणि जळगांव या दोन्ही नगरपालिका २००३ सालीं महानगरपालिका झाल्या. त्या पहिल्या पिढीच्या सदनिकांचें वय आतां तीस-चाळीस वर्षांचें झालें आहे, आणि त्यांत पहिलें बिऱ्हाड ज्यांनीं थाटलें त्या नोकरदार माणसांस निवृत्तिवेतन लागून बरीच वर्षें लोटलीं आहेत. मुलें पुण्यास किंवा परदेशीं, जिना चढवत नाहीं, आणि गच्ची गळते, अशी अनेक घरांची स्थिति आहे.

धाब्याच्या घराची आणि या घराची तुलना केली असतां एक मोठा फरक दृष्टीस पडतो. मातीचें छप्पर आपलें दुखणें लपवीत नाहीं. काँक्रीट तें वर्षानुवर्षें पोटांत ठेवतें. ताज्या काँक्रीटमधील क्षार आंतील लोखंडी सळ्यांचें गंजापासून रक्षण करतात. हवेंतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आंत शिरतो आणि क्षारांचा तो गुण मारतो. त्यांत गळतीचें पाणी पोंचलें कीं सळईला गंज धरतो. गंजलेल्या लोखंडाचें आकारमान मूळच्या दुपटीहून अधिक होतें, आणि तें फुगलेलें लोखंड भोंवतालचें काँक्रीट फोडून बाहेर येतें. छताचा पोपडा पडून सळई दिसली म्हणजे दुखण्यास आरंभ झाला असें लोक समजतात. वस्तुतः तें दुखणें बरेंच पुढें गेलेलें असतें. खानदेशांत यास आणखी दोन कारणांची जोड मिळते. जळगांव-भुसावळच्या पट्ट्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दिवसा तापून प्रसरण पावणारी आणि रात्रीं आकसणारी गच्ची बारीक बारीक फुटते, आणि जूनचा पाऊस त्या भेगांतून वाट काढतो. दुसरें कारण कापसाच्या काळ्या जमिनीचें. ही जमीन ओली झाली कीं फुगते, वाळली कीं आकसून हातहात भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल, किंवा फुटलेल्या गटाराचें पाणी एकाच कोपऱ्यांत मुरत असेल, तर सबंध इमारत एका बाजूस उचलली जाते आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. कापसानें ज्या मातीवर शहर वाढविलें, ती माती घराला अशी नडते.

गच्ची गळूं लागली म्हणजे जुन्या कोब्यावर नवा कोबा घालण्याची चाल आहे. दहा वर्षांनीं त्यावर आणखी एक थर, त्यावर फरशी. धाब्याचा जाणता गवंडी जो थर उकरून पाहत असे, तो पाहण्याची तसदी येथें सहसा कोणी घेत नाहीं. ओझें मात्र मातीचें असो कीं विटांच्या तुकड्यांचें, तें तुळईवरच पडतें.

आतां पैशाचें पाहावें. सोसायट्यांसाठीं असलेल्या आदर्श उपविधींत दोन निधि सांगितले आहेत. सदनिकेच्या बांधकाम-खर्चाच्या, अर्थात् जमिनीची किंमत वगळून, निदान पाव टक्का दर वर्षीं सिंकिंग फंड, म्हणजे भावी पुनर्बांधणीची गंगाजळी, म्हणून काढावयाचा. आणि निदान पाऊण टक्का दुरुस्ती व देखभाल निधि म्हणून. समजा, एका सदनिकेचा बांधकाम-खर्च दहा लक्ष रुपये आहे. तर पहिल्या निधीचे वर्षाला २,५०० आणि दुसऱ्याचे ७,५०० मिळून १०,००० रुपये होतात. महिन्याला साडेआठशेंच्याही आंत. वीस सदनिकांच्या इमारतींत वर्षाला दोन लक्ष, आणि पंचवीस वर्षांत, व्याज सोडून, पन्नास लक्ष. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पांच वर्षांतून एकदां, आणि तीस वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदां तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी, ज्यास व्यवहारांत स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, करून घ्यावी, असेंही तेच उपविधि सांगतात. गच्चींतून आणि बाहेरील सामाईक नळांतून होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेनें सोसावयाचा, घरांतील न्हाणी-संडासाच्या गळतीचा ज्याचा त्यानें. म्हणजे फडाप्रमाणें वांटा येथेंही ठरलेला आहे.

परंतु वार्षिक सभेस जो बसला आहे त्यास पुढील प्रसंग सांगण्याची आवश्यकता नाहीं. तळमजल्यावरील सभासदास गच्चीचें सोयरसुतक नसतें. सर्वांत वरच्या मजल्यावरील सभासदास जिन्याखालचें गटार हा तळमजल्याचा खासगी विषय वाटतो. आणि ज्यानें सदनिका भाड्यानें दिली आहे तो सभेस येतच नाहीं. सभा संपतां संपतां वर्गणी न वाढविण्याचा ठराव मात्र एकमतानें मंजूर होतो. पाटाच्या तोंडाशीं शेत असणाऱ्याच्या मनांत जें येऊं नये म्हणून फडाची रचना होती, तेंच येथें प्रत्येक मजल्यावर येतें. याशिवाय एक मोठी उणीव कागदपत्रांची आहे. १९६३ च्या कायद्याप्रमाणें बांधणारानें इमारत व जमीन संस्थेच्या नांवें करून देणें बंधनकारक असतांही अनेकांनीं तें केलें नाहीं. २००८ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, बांधणारा टाळाटाळ करीत असेल तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळविण्याची सोय झाली. ज्या संस्थेनें तें अद्याप केलें नाहीं, तिच्या सभासदांजवळ भिंती आहेत, परंतु त्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिचा हक्कलेख नाहीं. पुनर्बांधणीची वेळ येते तेव्हां ही गोष्ट प्रथम ध्यानांत येते.

महानगरपालिकेचा अधिकार काय? १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानें धोकादायक इमारत पाडण्याची, दुरुस्त करण्याची वा रिकामी करण्याची नोटीस देण्याचा अधिकार आयुक्तांस दिला आहे. पुढें त्यांत भर पडून, तीस वर्षें झालेल्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून तसा दाखला सादर करणें हें मालकाचें किंवा भोगवटादाराचें कर्तव्य ठरलें. तपासणीवरून इमारतींचे वर्ग पाडतात. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्यायोग्य. सी-२ मध्यें कांहीं इमारती रिकाम्या करून, तर कांहीं राहत्या घरींच दुरुस्त करावयाच्या. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. ही व्यवस्था कागदावर बरी आहे. परंतु नोटीस लावणें आणि घर सांवरणें यांत मोठें अंतर आहे. अधिकारी स्वतः घरमालक असला म्हणजे तरी निगा राहते काय, याचें उत्तर मुंबईंत २७ सप्टेंबर २०१३ रोजीं मिळालें. माझगांवांतील बाबू गेनू मंडईची इमारत त्या दिवशीं पहांटे कोसळली आणि ६१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. इमारत महापालिकेचीच, राहणारे पुष्कळसे तिचेच नोकर, आणि वय सुमारें तेहेतीस वर्षांचें. तळमजल्याच्या गाळ्यांतील फेरफार हें कारण पुढें आलें. वरच्या मजल्यांवरील माणसें रोज त्याच गाळ्यांवरून जात-येत होतीं, आणि पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची कार्यालयेंही त्याच शहरांत होतीं.

पुनर्बांधणी करावयाची म्हटली तरी खानदेशांत मुंबईचें गणित लागूं पडत नाहीं. मुंबईंत जमिनीला सोन्याचें मोल आहे. वाढीव मजले विकून जुन्या रहिवाशांस फुकट घरें देणें बांधणारास परवडतें. धुळ्यास आणि जळगांवास तेवढी तेजी नाहीं, म्हणून बांधणारा सहसा पुढें येत नाहीं आणि आला तरी सभासदांकडे पैसा मागतो. सोसायटीच्या पुनर्विकासासाठीं सरकारनें २००९ सालीं नियमावली घालून दिली, आणि २०१९ साली ती सुधारून एकूण सभासदांपैकीं एकावन्न टक्के लोकांची संमति पुरेशी ठरविली. त्याच वर्षीं स्वयंपुनर्विकासाचें, म्हणजे संस्थेनें स्वतःच इमारत बांधण्याचें, धोरणही जाहीर झालें. त्यासाठीं मुंबईंत तेथील जिल्हा सहकारी बँकेनें कर्जें देण्यास आरंभ केला. जिल्हा सहकारी बँका खानदेशांतही आहेत. परंतु शेतकऱ्यास पीककर्ज देणें हा त्यांचा मुख्य व्यवसाय राहिला आहे. ब्रिग्ज यांनीं पक्क्या घरासाठीं जी आगाऊ रक्कम दिली तिच्यासारखें कांहीं, म्हणजे इमारत अद्याप धडधाकट असतां दुरुस्तीसाठीं अल्प व्याजाचें कर्ज आणि दुरुस्ती वेळेवर करणाऱ्या संस्थेस घरपट्टींत कांहीं सूट, एवढें जरी या दोन महानगरपालिकांस आणि बँकांस मिळून करतां आलें तरी तपासणीचा दाखला ही नुसती पीडा न राहतां त्यामागून पैसाही येईल. दाखला मागणारा आणि पैसा देणारा यांची आज भेटच होत नाहीं.

जुन्या गल्ल्यांतील वाड्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. तेथें दर वर्षीं मे-जून महिन्यांत पालिकेची नोटीस भिंतीवर चिकटते, आणि भाडेकरू जागचा हालत नाहीं. तो अडाणी आहे म्हणून नव्हे. वाडा पडला कीं आपला हक्कही मातीबरोबर जाईल, अशी त्यास भीति असते. आणि मालक वाडा पडण्याचीच वाट पाहत असल्याचा त्यास संशय असतो. पुष्कळदां तो खराही असतो. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं पालिकेनें इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा भाडेहक्क संपुष्टांत येत नाहीं. जमीन आहे तोंवर तो राहतो. हा निर्णय गल्लींतल्या भाडेकरूच्या कानांवर कोणी घालीत नाहीं. नोटिशीबरोबरच पालिकेच्या अभियंत्यानें प्रत्येक बिऱ्हाडाची खोली मोजून, कोण किती चौरस फुटांत राहत होता याचा सहीनिशीं पंचनामा केला, आणि त्याची एक प्रत भाडेकरूच्या हातीं व एक मालकाच्या हातीं दिली, तर वाडा रिकामा करण्यास आजच्याइतका विरोध होणार नाहीं. या कामास एक दिवस आणि एक फीत लागते. तोंवर भाडेकरू ताडपत्री आणतो, ती कौलांवर पसरून तिच्यावर विटा ठेवतो, आणि मृगाचा पाऊस कोणत्या बाजूनें येतो याकडे पाहत राहतो.